पावशाची हाक

ज्येष्ठाच्या आरंभी सह्याद्रीतील आहुपे गावाच्या कड्यालगत पावशा पक्ष्याची ‘पेरते व्हा’ अशी आर्त हाक कानी पडली, की येथील महादेव कोळी शेतकऱ्याची दृष्टी कोकणातून घाटमाथ्यावर चढणाऱ्या ढगांकडे आपोआप वळते आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजून सिद्ध ठेवलेली जमीन त्याच्या मनात जागी होते. पक्षी पाऊस आणीत नाही, हे तो जाणतो. तथापि संकेत व फलप्राप्ती यांचे साहचर्य सातबाऱ्यावरील वहिवाटीप्रमाणे चित्तात कायम झालेले असते.

अशाच साहचर्याने, अन्नाची चाहूल म्हणून एका स्वराला सरावलेला कुत्रा त्याच्या निकटच्या स्वरालाही प्रतिसाद देतो आणि साम्य घटेल तसा तो प्रतिसाद क्षीण होतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ पाव्हलॉव्हने दाखविले. त्या क्षीणतेला १९८७ साली मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी गणिती नियमाचे रूप दिले. मला मात्र रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ चा सिद्धान्त अधिक मोलाचा वाटतो : अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांत जितकी तफावत, तितके नवे शिक्षण. पावशा ओरडूनही आभाळ कोरडे राहिले, तर येथला जाणता माणूस त्या हाकेवरचा विश्वास टाकीत नाही. तो तिच्या जोडीला वाऱ्याची दिशा पाहू लागतो, आणि मुलालाही तेच पाहावयास शिकवितो.