कोल्हापुरातील जागेवरची सायकल

कोल्हापूर म्हटले की परगावच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, चप्पल आठवते आणि तालीम आठवते. इथे पेठेपेठेत तालमी आहेत. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळाइमाम ही नावे कुस्तीशौकिनांना पाठ आहेत. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे १९०७ ते १९१२ या काळात खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. कुस्ती म्हणजे अंगाला अंग भिडणे. ज्या काळी आपल्या माणसांची सावलीही टाळली जाई, त्या काळी महाराजांनी अस्पृश्य समाजातील मल्लांनाही आश्रय दिला. या गावात व्यायामाला असा मोठा वारसा आहे.

याच गावात आता व्यायामाचे एक नवे प्रकरण आले आहे. बंद खोलीत दहा-बारा सायकली जागेवरच ठाणबंद केलेल्या असतात. समोर शिकवणारा तशाच सायकलीवर बसतो, मोठ्याने गाणी लागतात आणि सर्वांनी मिळून चाळीस-पन्नास मिनिटे पायडल मारायचे. घाम निथळतो, पण माणूस हलत नाही एक फूटसुद्धा! याला स्पिनिंगचा क्लास म्हणतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी शहरातील तीन ठिकाणी हा प्रकार करून पाहिला. वाचक बंधू-भगिनींना त्याचा उपयोग व्हावा म्हणून ही हकीकत.

आम्ही चौघे म्हणजे कचेरीतील दोन कारकून, एक प्राथमिक शिक्षिका आणि एक अंगणवाडीच्या ताई. चौघेही चाळिशी ओलांडलेले. एकाला साखर, एकाला रक्तदाब, एकीचे गुडघे धरलेले. आमच्या आईवडिलांनी शेतावर, गिरणीत, भट्टीसमोर अंग झिजवले. शिक्षणाने आमच्या वाट्याला खुर्ची आली. ती सहज मिळालेली नाही, म्हणून तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु दिवसाचे आठ-नऊ तास त्या खुर्चीवर बसून राहिल्याने शरीराचे काय होते, हे घराघरांतील औषधांच्या डब्यांवरून दिसते. वस्तीत कुणाला झटका आला की सगळे धावतात. धावण्याची वेळ येऊ नये म्हणून मात्र फारसे कुणी काही करीत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी खोलीत कोंडून घ्यायची काय गरज? रंकाळा आहे, काठाने चालावे. खरे आहे. रंकाळ्यासारखी जागा दुसरी नाही आणि तिथे पैसाही पडत नाही. परंतु कोल्हापूरचा पाऊस जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत चालण्याचा नेम मोडतो. शिवाय कामावरून संध्याकाळी सातला घरी येणाऱ्या बाईने अंधारात एकटीने फिरायला जावे, असे अजून तिच्या घरच्यांना वाटत नाही आणि तिलाही वाटत नाही. छपराखालची सायकल ही अडचण दूर करते.

या सायकलीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. १७९६ साली लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्स याने हातापायांनी चालवायच्या एका व्यायामयंत्राचे पेटंट घेतले. जागेवरच्या सायकलीचा तो पूर्वज समजला जातो. पुढे १८१८ साली विल्यम क्यूबिट या अभियंत्याने इंग्लंडच्या तुरुंगांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक काढले. कैद्यांनी ते तासन्‌तास पायांनी फिरवायचे, ही शिक्षा! आज ज्याला स्पिनिंग म्हणतात ते दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जॉनी गोल्डबर्ग या सायकलपटूने अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू केले. अमेरिका खंड आडवा पार करण्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी त्याला घरच्या घरी सराव हवा होता. १९९५ च्या सुमारास श्विन या सायकल कंपनीने त्याच्या पद्धतीची सायकल बाजारात आणली आणि हा प्रकार जगभर पसरला.

आता आमचा फेरफटका. जमण्याचे ठिकाण बिंदू चौक. बाबासाहेबांच्या हयातीतच, ९ डिसेंबर १९५० रोजी, त्यांचा पुतळा या चौकात बसला. तिथून निघून आम्ही प्रथम ताराबाई पार्कातील एका भपकेबाज जिममध्ये गेलो. आत गारवा, गुळगुळीत फरशी, काचेच्या दारामागे सायकलींची खोली. क्लास सुरू झाला की दिवे मालवतात आणि निळा उजेड राहतो. त्या अंधारात कोण साहेब, कोण शिपाई, कोण कुठल्या वस्तीतला, हे दिसत नाही. आडनाव कुणी विचारले नाही. सगळ्यांचे पाय एका ठेक्यावर. हे आम्हाला मनापासून आवडले. मात्र महिन्याची फी ऐकली आणि शिक्षिका बाई हळूच म्हणाल्या, “इथं आडनाव विचारत नाहीत, खिसा विचारतात.” पहिला क्लास फुकट होता, तेवढा आम्ही पदरात पाडून घेतला.

दुसरे ठिकाण राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. गारवा नाही, दोन पंखे. पण दुपारी स्त्रियांची वेगळी बॅच आणि शिकवायला विशी-बाविशीची मुलगी. त्या बॅचला आमच्यातील दोघी गेल्या. संध्याकाळच्या बॅचला आम्ही दोघे पुरुष गेलो, तेव्हाही तीच शिकवीत होती. तिने प्रत्येकाची सीट स्वतः लावून दिली. सायकलीशेजारी उभे राहिल्यावर सीट कमरेच्या हाडाइतकी उंच हवी आणि पायडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. सीट खाली असली की गुडघ्यावर ताण येतो. या सायकलीला साधारण पंधरा-वीस किलोंचे जड फ्लायव्हील असते आणि ते पायडलला पक्के जोडलेले असते. त्यामुळे रस्त्यावरच्या सायकलीसारखे पाय थांबवून चालत नाही, चाक पायांना ओढत नेते. थांबायचे तर वेग कमी करायचा किंवा मधली खुंटी दाबून ब्रेक लावायचा. हीच खुंटी आवळली की चढ लागल्यासारखे जड होते. सपाटीला मिनिटाला ८० ते ११० फेरे आणि चढाला ६० ते ८० फेरे असा या क्लासचा हिशेब असतो. आमची दमछाक पाहून ती म्हणाली, “काका, दमानं घ्या. पहिल्या दिवशी शर्यत नसती.”

ही सूचना फार मोलाची आहे. नवखा माणूस पहिल्याच दिवशी ईर्ष्येने जोर करतो आणि मांड्यांचे स्नायू इतके दुखावतात की त्यातील घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर ताण येतो. व्यायामानंतर मांड्या सुजल्या, असह्य दुखू लागल्या आणि लघवीचा रंग चहासारखा झाला, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी आणि खिशात साखर-गोळी ठेवावी, कारण व्यायामाने साखर एकदम उतरू शकते. छातीत दुखते किंवा पायऱ्या चढताना धाप लागते अशांनी आधी तपासणी करावी, मग सायकल.

तिसरे ठिकाण जुन्या पेठेतील एका तालमीचे. बाहेर हौद्यातील तांबडी माती, भिंतीला मुद्गल टेकवलेले आणि आतल्या खोलीत नव्या यंत्रांच्या जोडीला जागेवरच्या दोन सायकली. इथे क्लास नाही, गाणी नाहीत. वस्तादांनी आस्थेने चौकशी केली, पाणी दिले. फी अगदी किरकोळ. आम्हा पुरुषांना त्यांनी त्याच दिवशी बसवले. दोघी बायका मात्र उंबऱ्याबाहेर थांबल्या. त्यांच्यासाठी वेळ ठेवता येईल का, असे विचारल्यावर वस्ताद अडखळले. म्हणाले, “तशी चाल न्हाई बघा हितं.” माणूस वाईट नव्हता, चाल आडवी आली. आणि हे कोणत्या जिल्ह्यात? याच जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे नेमबाजीत जगज्जेती झाली. याच जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर सुवर्णपदके जिंकली.

परतताना अंगणवाडीच्या ताई चिडून म्हणाल्या, “जाऊ दे. मी दिवसभर वाकतो, उचलतो, झाडतो. मला आणि कसला व्यायाम पाहिजे?” आपल्या वस्तीत हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. शिक्षिका बाईंनी ते दिले. “अक्का, कामात शरीर झिजतं, व्यायामात शरीर घडतं.” गेल्या काही वर्षांच्या अभ्यासांतही असेच दिसले आहे की, पोटासाठी करावे लागणारे श्रम आणि मोकळ्या वेळी केलेला व्यायाम यांचा हृदयाला होणारा लाभ सारखा नसतो. श्रमात विसावा आपल्या हाती नसतो, तेच सांधे पुन्हा पुन्हा झिजतात. व्यायामात जोर किती आणि किती वेळ, हे आपण ठरवतो. तुरुंगातले चाक आणि क्लासमधले चाक, दोन्हींत घाम सारखाच गळतो. फरक इतकाच की, एक दुसऱ्याच्या हुकमाने फिरते आणि दुसरे आपल्या मर्जीने. आपल्या आयाबायांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या पहिलाच घाम आला. दुसऱ्या घामावरही त्यांचा हक्क आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे की, प्रौढ माणसाने आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस पन्नास मिनिटे सायकल मारली तरी भागते. त्यासाठी निळा उजेड लागत नाही.

मग लागते काय? आमचा कारकुनी हिशेब असा. ताराबाई पार्कातील जिमची आम्हा चौघांची सहा महिन्यांची फी एकत्र केली, तर तेवढ्यात जागेवरची एक साधी सायकल विकत येते. ती तीन वर्षे चालली तरी फी भरण्यापेक्षा स्वस्त. कोल्हापूरला तर याचे अप्रूप वाटूच नये. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींपर्यंत हे फाउंड्रींचे गाव. फ्लायव्हीलसारखे जड ओतकाम इथल्या कामगारांच्या हातचे काम आहे आणि त्या कामगारांत आपल्या वस्त्यांतील माणसे कमी नाहीत. बिघडलेली सायकल दुरुस्त करणारे हातही इथेच सापडतील.

वस्तीतील समाजमंदिर आठवड्यातील बहुतेक दिवस कुलूपबंद असते. त्यातील एका कोपऱ्यात दोन सायकली ठेवाव्यात. सायंकाळी सात ते साडेआठ ही वेळ फक्त भगिनींसाठी राखावी आणि किल्लीही त्यांच्याच मंडळाकडे द्यावी. एका वहीत नाव आणि मिनिटे लिहावीत, महिन्यातून एकदा आरोग्य केंद्राच्या परिचारिकेला बोलावून सर्वांचा रक्तदाब तपासून घ्यावा. आमच्या वस्तीत पहिल्या सायकलीची वर्गणी सुरू झाली आहे. वर्गणीच्या यादीत पहिले नाव अंगणवाडीच्या ताईंचे आहे. त्यांची एकच अट आहे : सीट बायकांच्या उंचीला लावायची, आणि पुरुषांनी ती परस्पर वर करायची नाही.