पत्रा गळतो तेव्हा आधी पाला काढा

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमची बैठी चाळ आहे. खोल्या एका रांगेत, वर नालीदार जस्ती पत्रे आणि मागे प्रत्येकाने काढलेली पडवी. मुख्य छप्पर आणि पडवी जिथे भेटतात, तिथे सगळ्या खोल्यांवरून एकच पन्हळ जाते. चाळीच्या एका टोकाला बदाम आहे, दुसऱ्या टोकाला गुलमोहर. एप्रिल-मे महिन्यांत या झाडांच्या सावलीमुळेच पत्र्याखाली बसवतं. पावसाळ्यात त्यांचाच पाला पन्हळीत साचतो.

जुलैतल्या एका रात्री स्वयंपाकघराच्या भिंतीवरून पाणी उतरू लागलं. पत्रा कुजला, आता नवीनच घालावा लागणार, असं आईला वाटलं. शेजारचे काका आयुष्यभर कल्याणला पत्रे बसवायचं काम करत आलेले. त्यांनी बॅटरी मारून भिंत पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, भोक असतं तर एका जागी धार लागली असती. हे भिंतीभर पसरलंय. पन्हळ तुंबलीय."

पाणी विजेच्या बोर्डाजवळ आलं होतं, म्हणून आधी मेन स्विच बंद केला. वाशावरून जिथे थेंब सुटत होते तिथे काकांनी सुतळी बांधली आणि तिचं टोक बादलीत सोडलं. पाणी सुतळीवरून निमूट बादलीत उतरू लागलं, अंथरुणं वाचली. रात्री पत्र्यावर कोणी चढायचं नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. ओल्या, शेवाळलेल्या पत्र्यावर पाय ठरत नाही.

छपराचा हिशेब त्यांनीच मला समजावला. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. आमच्या खोलीचं छप्पर ३० चौरस मीटरचं धरलं, तर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला की दीड हजार लिटर पाणी होतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या मापाने एवढ्याच छपरावर २८ हजार लिटर! पन्हळीचं तोंड पाल्याने बंद झालं की हे पाणी मागे चढतं आणि पत्र्याच्या टोकाखालून घरात शिरतं. पत्रा धडधाकट असला तरी गळतं ते यामुळे.

सकाळी उघडीप मिळाली. शिडी वर-खाली बांधून घेतली, एकाने धरून ठेवली. काका जे-बोल्टांच्या रांगेवरच पाय देत होते, कारण त्याखाली लोखंडी पाइपाचा आधार असतो. मधे पाय पडला तर पत्रा दबतो. पन्हळीत बदामाची मोठी पानं तोंडावर बसली होती आणि गुलमोहराची बारीक पानं धुळीत कालवून त्यांच्यामागे लगदा झाली होती. पाला हातानेच काढला, पाइपात ढकलला नाही. ढकलला असता तर पुढच्या बाकात अडकला असता. ठाण्यात नौपाड्याला माझ्या बहिणीच्या इमारतीच्या गच्चीवरची शेड नेमकी अशाच बाकापाशी तुंबली होती.

पाला निघाल्यावर बरीचशी गळती थांबली. उरली ती बोल्टांपाशी. तिथली रबरी वायसरं उन्हाने तडकली होती. जागा फडक्याने कोरडी करून, गंज घासून, त्यावर चंदेरी पाठीची बुटाईल टेप दाबून बसवली. सिमेंट लावू दिलं नाही. चार मीटरचा पत्रा ३० अंशांनी तापला की साधारण दीड मिलिमीटर वाढतो आणि निवला की आखडतो; त्या ओढाताणीत सिमेंट तडकतं.

जिथे टेप धरेना, तिथे ताडपत्री टाकली. तिची वरची कड आढ्यापलीकडे नेली, नाहीतर वरून येणारं पाणी तिच्याखाली शिरतं. दाबायला विटा ठेवल्या नाहीत. विटांमागे पुन्हा पाला अडकतो आणि वाऱ्यात वीट घसरली तर खाली माणसं असतात. वाळूच्या पिशव्या दोरीने जोडून आढ्याच्या दोन्ही बाजूंना सोडल्या.

हे सगळं दिवाळीपर्यंतचं, असं काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. पाऊस सरल्यावर ताडपत्री काढली, बोल्टांची वायसरं बदलली. जस्ताला वारा लागून सुकायला मिळालं की त्यावर राखण करणारा थर धरतो. ओला पाला किंवा ताडपत्री तशीच राहू दिली, तर पांढरा गंज चढतो आणि मग खरोखरच भोक पडतं. पन्हळीच्या तोंडावर आता कोंबड्यांच्या जाळीचा घुमट आहे. बारीक सपाट जाळी गुलमोहराच्या पानांनीच लिंपली जाते.

झाडं तोडा, असंही कोणी सुचवलं. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत, आणि तोडावीत असं मला वाटतही नाही. आमची पन्हळ सामाईक आहे. एकाने आपल्यापुरती साफ केली आणि शेजारची तुंबलेली राहिली, तर पाणी दोन्ही घरांत येतं. म्हणून आता मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी चाळ मिळून पन्हळ साफ करते आणि पावसाळ्यात प्रत्येक उघडिपीला कोणीतरी खालून बांबूने तोंड मोकळं करतं. गळतीवरचा सगळ्यात स्वस्त इलाज हाच आहे, आणि तो एकट्याने होत नाही.