मनातले मांडे आणि इंदूरची वाट

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातील वीस-बावीस माणसांचा मेळा बोरिवलीहून अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला निघाला. गाडीने वेग घेतला न घेतला तोच एका गृहस्थाने खिशातून लॉटरीचे तिकीट काढून सर्वांस दाखविले. "फादर, हे एकदा लागू द्या, पुढच्या खेपेस सगळ्या गावाला डेक्कन ओडिसीत बसवतो!"

२००४ साली सुरू झालेली ती आलिशान गाडी म्हणजे रुळांवरचा राजवाडाच. झाले! डब्यात जो तो मनातले मांडे खाऊ लागला. कोणी मऊ गाद्यांची स्वतंत्र खोली मागितली, कोणी पंचपक्वान्नांचे ताट. बक्षिसावर तीस टक्के आयकर कापला जातो, हे मी सांगून पाहिले. परंतु मनोराज्यात कर कोण भरतो? एका आजीने मात्र एवढेच मागितले, "मला खिडकीची जागा द्या, म्हणजे झाले."

इंदुरात आम्ही माणिकबाग पाहिली, तीही बाहेरूनच. यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी हा प्रासाद १९३० नंतरच्या वर्षांत एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने उभारला. महाराजांच्या आगगाडीच्या खास डब्याची अंतर्गत सजावटही त्यानेच योजली होती. आमच्या मंडळींनी रात्री रचलेले स्वप्न त्या राजाने खरोखरच अनुभवले होते. तथापि प्रासादातील मौल्यवान सामान १९८० साली माँटे कार्लो येथे लिलावात विकले गेले आणि वास्तूत आता केंद्रीय करखात्याची कचेरी आहे. हे ऐकून आमचे तिकीटवाले गृहस्थ हसले व म्हणाले, "म्हणजे शेवटी कर भरावा लागतोच!"

याच घराण्यातील तुकोजीराव दुसरे यांनी १८७० च्या सुमारास ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले. त्यातून खांडव्याहून नर्मदा ओलांडून, विंध्याचा घाट चढून लोहमार्ग इंदूरला आला. त्या मार्गावरून राजाही गेला आणि डोक्यावर गाठोडे घेतलेला शेतकरीही. त्याही आधी, १७६७ ते १७९५ या काळात राज्य करणाऱ्या अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या ठिकाणी मंदिरे, घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. कोणा अनोळखी वाटसरूच्या पायांना विसावा मिळावा, म्हणून हा खर्च!

रात्री सराफ्यात गेलो. दिवसा जेथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात, तेथेच दुकाने मिटल्यावर खाण्याचे ठेले लागतात. गरम गराडू आणि भुट्ट्याचा कीस खाताना आजी अचानक म्हणाली, "शेजारीण आली असती, तर तिलाही हे आवडले असते."

घास माझ्या हातातच राहिला. गावातील दोन कुटुंबे केवळ खर्चापायी मागे राहिली होती. नावे लिहून घेताना "का येत नाही?" एवढेदेखील मी त्यांना विचारले नव्हते. रात्री सगळ्या गावाला महालगाडीत बसविणाऱ्या आम्हा मंडळींना साध्या डब्यात चार माणसांची सोय करता आली नव्हती.

तिकीटवाले गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "फादर, वर्षभर दर आठवड्याला तिकीट घेतो. त्या पैशांत निदान एकाचे भाडे निघाले असते."

परतीच्या गाडीत ठरले: दरमहा प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे डब्यात पैसे टाकावे, आणि पुढच्या सहलीची पहिली नावे त्या दोन घरांची असावीत. लॉटरी काही लागली नाही. परंतु वाचकहो, मनोराज्यातील एक गोष्ट खरी होती: सुख सर्वांना बरोबर घेऊन भोगावे, अशी त्या गृहस्थाची इच्छा. तेवढ्यासाठी तिकिटाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

डब्यात पहिली नोट त्यांनीच टाकली. आणि खिडकीची जागा यापुढे पाळीपाळीने द्यायची, असे आजीनेच सुचविले.