आधी विहीर, मग पिंजरा

नवी पोरं पहिल्या दिवशी पिंजऱ्याभोवतीच घुटमळतात. "दादा, दार कसं पडतं ते दाखवा ना." मी त्यांना विहिरीवर नेतो.

अकोले-संगमनेरच्या ऊसपट्ट्यात रात्री शिकारीमागे धावणारा बिबट्या कठडा नसलेल्या विहिरीत पडतो आणि उजाडेपर्यंत काठावर अख्खं गाव जमतं. आम्ही वनखात्याच्या मदतीला जाणारे स्वयंसेवक. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बिबट्या पकडायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. आमच्या हाती दोर आणि गर्दी, एवढंच.

आधी बाज सोडायची. चारी पायांना दोर, चौघांनी एका लयीत ढील द्यायची. पोहून दमलेलं जनावर बाजेवर चढलं की त्याला दम खाऊ द्यायचा. मग माणसं मागे हटवायची आणि त्यानंतरच उघड्या दाराचा पिंजरा खाली. पहिल्या वर्षी मी घाई केली. माणसं काठावरच होती, आरडाओरडा चालू होता, आणि पिंजरा समोर असूनही ते वाघरू कातळ ओरबाडत राहिलं. त्या नखांचा आवाज अजून कानात आहे.

2009 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून 'आजोबा' हा बिबट्या निघाला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला कॉलर लावली, माळशेज घाटात सोडलं, आणि तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो, कारण "पकडा आणि लांब सोडा" ही मागणी त्यांच्याच घरातून येणार असते. शेजारच्या जुन्नर विभागात 2001 नंतर तेच केलं गेलं. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. पकडण्याची विद्या शिकवताना हे आकडे लपवणं मला जमत नाही.

गेल्या ऊसतोडीत फडात दोन बछडे सापडले. मुकादमाला विनंती करून तोड थांबवली. वनरक्षकांनी बछडे क्रेटमध्ये घालून, जिथे सापडले तिथेच ठेवले. आम्ही रात्रभर लांब बांधावर, बॅटरी न लावता बसलो. बोलायचं नाही, खोकायचं नाही. पोरांना याच्याइतकं अवघड काही वाटलं नसेल.

सकाळी क्रेट रिकामा होता. दाराबद्दल विचारणारा पोरगा ओल्या सरीतली मादीची पावलं बोटाने मोजत बसला होता. पिंजरा त्या दिवशी गाडीतून उतरवलाच नाही.