तेरावा नियम

दिवाळीच्या आधी घर झाडायचे ते लक्ष्मीसाठी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्या घरात खानावळ चालते तिथे झाडणे, सारवणे, पुसणे हे सगळे पाहुण्यासाठी असते, आणि लक्ष्मी आली तर त्याच्याच पाठोपाठ येते. माझ्या वहिनींची श्रीवर्धन तालुक्यात समुद्रकाठी अशी खानावळ आहे. चार खोल्या, मागे आगर, आणि ओटीपासून माजघरापर्यंत मांडलेली टेबले. मी सरकारी कचेरीत हयात घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर तिथे राहायला गेलो, आणि याद्या करण्याची माझी जुनी सवय माझ्याबरोबर आली.

ही गोष्ट 2020 सालची. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि खानावळीच्या चुली थंडावल्या. ते पुरेसे नव्हते म्हणून की काय, 3 जूनच्या दुपारी निसर्ग वादळ आले. आमच्या बाजूच्या रोठा सुपारीचे नाव सगळीकडे आहे, पण त्या एका दुपारी पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. सकाळी ज्या आगरात उन्हाचा कवडसा शोधावा लागे, तिथे संध्याकाळी उघडे आभाळ होते. कौले उडाली ती नंतर बसवता आली. पण पोफळ लावल्यावर तिला सुपारी धरायला पाचसात वर्षे जातात. आगराचे उत्पन्न गेले, खानावळीचे थांबले, आणि कौलांसाठी काढलेले कर्ज मात्र जागच्या जागी उभे राहिले.

5 ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने हॉटेले उघडायला सरकारने परवानगी दिली. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, माजघरात आता कोणाला बसवायचं नाही. सगळी टेबलं अंगणात. वाऱ्यानं आपलं नेलंय, आता वाऱ्यानंच काही द्यावं.” मुहूर्त दसऱ्याचा, म्हणजे 25 ऑक्टोबरचा ठरला. मी लगेच वही उघडली.

अंगण म्हणजे नुसती मोकळी जागा असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी घसरला. म्हणजे मीच घसरलो. पावसाळाभर कोणाचा पाय न लागलेल्या चिऱ्यांवर शेवाळ मखमलीसारखे पसरले होते. तीन दिवस काथ्याच्या ब्रशाने आणि ब्लीचिंग पावडरीने घासले, तेव्हा चिरा दिसू लागला. विहिरीच्या कठड्याचे दोन दगड वादळात निखळले होते. ते बसवून वर जाळी टाकली. मोडलेल्या पोफळींचे ओंडके आम्ही सरपणासाठी अंगणाच्या कडेला रचले होते. शेजारच्या आजोबांनी ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, “फुरशाला घर बांधून दिलंत होय?” ओंडके त्याच दिवशी दूर परसात गेले. मांडवात दिव्यांची वायर मी सुतळीने बांधली होती. वायरमनने ती सोडून पुन्हा ओढली आणि मला चार शब्द सुनावले.

राहिले होते माड. वादळातून वाचलेले पाच माड अंगणात उभे होते आणि त्यांच्या सावलीत टेबले किती शोभून दिसतील याचे चित्र मी वहीत काढलेही होते. माडावर चढणाऱ्या गड्याने मान वर करून बराच वेळ पाहिले. “भाऊ, दोघांच्या माना पिळवटल्यात. यांचा नारळ कधी सुटेल त्याचा नेम नाही,” तो म्हणाला. त्याने नारळ उतरवले, लोंबते झाप तोडले, तरीही वहिनींनी एकही टेबल माडाखाली लावू दिले नाही. “नारळ पाहुण्याच्या पानात वाढायचा, डोक्यात नाही,” हे त्यांचे वाक्य मी नियम क्रमांक तीन म्हणून लिहून घेतले.

असे बारा नियम झाले. मग मी माणसांकडे वळलो. स्वयंपाकाच्या काकू, दोघे वाढपी पोरगे आणि भांडी घासणारी बाई यांना ओटीवर बसवून मी नियम वाचून दाखवले. तोंडाला मुसके बांधायचे, हात साबणाने धुवायचे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही. आच बंद करून झाकण ठेवायचे. रोज आल्याबरोबर ताप मोजून वहीत मांडायचा, आणि अंगात कसर वाटली तर लगेच सांगायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्या आज्ञाधारक माना मी कचेरीतही पाहिल्या नव्हत्या, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

त्या दिवसांत आम्ही टेबले दिवसातून सहा वेळा पुसत होतो. आज कळते की खरा धोका टेबलापेक्षा कोंडलेल्या हवेत जास्त होता. म्हणजे वहिनींचे अंगण माझ्या फडक्यापेक्षा शहाणे ठरले. पण आमचे स्वयंपाकघर मात्र आतच होते, आणि त्याच्या खिडक्या धुरामुळे निम्म्या बंद असत.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी रंगीत तालीम ठेवली. घरच्याच माणसांना पाहुणे करून वाढायचे. आंबोळ्या पानात पडत होत्या, सोलकढी फिरत होती, मी घड्याळ घेऊन उभा होतो. एवढ्यात वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी दारात जाऊन पाहिले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचा हात वहिनींच्या हातात होता.

“चुलीची धग आहे हो,” काकू म्हणत होत्या.

“मनगटाला धग लागत नाही, काकू. खरं सांगा.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “परवापासून आहे. पण सहा महिने घरी बसले, वहिनी. आता पुन्हा बसले तर रोज कोण देणार?”

मी तापाची वही उघडली. आठ दिवस, चार माणसे, आणि प्रत्येकापुढे एकच आकडा. थर्मामीटर खिशातून निघतच नव्हता. ती वही मी रोज सही करून मिटत होतो.

वहिनींनी त्या रात्री मला जमाखर्च मांडायला लावला. आजारी माणसाला घरी बसवून रोज द्यायचा म्हणजे किती, आणि दसऱ्याचे आगाऊ पैसे परत करायचे म्हणजे किती. बेरीज पाहून मी म्हणालो, “वहिनी, हे झेपणार नाही.” त्या म्हणाल्या, “न झेपणारं दुसरंच आहे, भाऊजी. ते तुमच्या वहीत मावत नाही.” सकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात लांब लांब उभे करून सांगितले, की जो ताप सांगेल त्याचा रोज कापला जाणार नाही.

त्यानंतर दहा मिनिटांत जे ऐकले ते मला बारा नियमांनी बारा दिवसांत कळले नव्हते. एका पोराचा घसा दोन दिवस दुखत होता. दुसऱ्याचा पाय शेवाळावरून घसरून मुरगळला होता आणि तो पट्टी विजारीखाली लपवून वाढत होता. भांडी घासणाऱ्या बाईच्या घरी नवरा खोकत होता.

काकूंची तपासणी झाली, बाधा निघाली. दसरा बंद दारांनी गेला. चौदा दिवस आम्ही सगळे आपापल्या जागी राहिलो. काकूंना रुग्णालयात न्यावे लागले, पण प्राणवायू आठवडाभर पुरवल्यावर त्या बऱ्या झाल्या. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, 13 नोव्हेंबरला, अंगणात पाच टेबले लागली. आवाज फारसा नव्हता. पण मला ती दिवाळी मोठी वाटली. स्वयंपाकघराच्या खिडक्या तेव्हा सताड उघड्या होत्या.

आता अंगणातल्या नव्या पोफळी चांगल्या उंच झाल्या आहेत. भाद्रपद सरला की चिरे घासायचे आणि माड उतरवायचे, हे ठरून गेले आहे. तेरावा नियम वहीत सगळ्यात वर लिहिला आहे. त्याचा त्रास मात्र मलाच होतो. गेल्या दिवाळीत अंगण पाहुण्यांनी भरलेले असताना सकाळीच काकूंचा फोन आला, “भाऊजी, अंग मोडून आलंय. आज यायची नाही.” वहिनींनी पदर खोचला, माझ्यापुढे नारळांचा ढीग आणि खवणी ठेवली, आणि इतक्या प्रसन्न चेहऱ्याने त्या चुलीकडे वळल्या, की मला कुरकुर करायलाही जागा उरली नाही.