बाग? छे, अळ्यांची खानावळ!

ऐका, हातातलं काम ठेवा! तुमच्याकडे कुंडीत कढीपत्ता आहे? मग त्याची पानं नीट बघा, आत्ताच! चिमणीची शीट दिसली तर पुसू नका! शीट नाही ती, अळी आहे! पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून शिटेचं सोंग! काडीने जरासं डिवचलं, तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं सुर्रकन बाहेर! उग्र वास! आणि शिंगं गायब! मी किंचाळलेच. मग पुन्हा डिवचलं. (बिचारी!) आणि मोठी झाली की हीच अळी कात टाकून हिरवीगार!

मला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगते. गच्चीवर बाग करायची म्हणून मी चौकटीच्या कागदावर गुलाब इथे, मोगरा तिथे असं आखत बसले होते, आणि मग ती अळी दिसली, आणि मग कळलं की फुलपाखरं फुलांवर नुसती चहापाण्याला येतात, अंडी घालायला प्रत्येक जातीला आपापलं ठरलेलं झाड लागतं, आणि मग मी गुलाब खोडला, मोगरा कोपऱ्यात ढकलला, आणि आता अख्खी बाग कुणीतरी कुरतडावी म्हणूनच आखली आहे!

भर उन्हात रुई. हो, शनिवारी मारुतीला वाहतो तीच! प्लेन टायगरच्या अळ्या ती खातात, तिचं विष अंगात मुरवतात आणि मग पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेलाच जात नाहीत! कठड्याशी पानफुटी. रेड पिएरोची अळी तिच्या जाड पानाच्या आत, अहो आत, पोखरत राहते! मोठ्या पिंपात लिंबू, कारण ब्लू मॉर्मन, म्हणजे आपलं नीलवंत, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं! राज्य फुलपाखरू! आमच्या गच्चीवर! (अजून आलेलं नाही. येईल हो!) मधाला एक्झोरा. फवारणी अर्थातच बंद, आणि फोडणीचा कढीपत्ता आता मंडईतून.

आणि एका परातीत नुसता चिखल! नर फुलपाखरं ओल्या मातीतले क्षार शोषायला उतरतात म्हणे! परात सासूबाईंची आहे. त्यांनी विचारलंच, तर तुम्हाला काही माहीत नाही!