फॉइलवरचा पांढरा थर
आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला येणारी मुलं नॅनोफायबरची चटई ‘जमली’ म्हणून फार लवकर खूश होतात. ॲल्युमिनियम फॉइलवर पांढरा थर धरला की लगेच मोबाइल बाहेर! पण बिघडलेली चटईही तितकीच पांढरी दिसते.

साहित्य साधंच. पॉलीव्हिनाइल अल्कोहोल 80-90 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ढवळत विरघळवायचं, साधारण 8 ते 10 टक्के. गार झालेलं द्रावण सिरिंजमध्ये भरून बोथट सुई लावायची. पंप ते तासाला अर्धा-एक मिलिलिटर या गतीने पुढे ढकलतो. फॉइल सुईपासून 12-15 सेंटिमीटरवर आणि विद्युतदाब 15 किलोव्होल्टच्या आसपास. दाब चढवत नेला की सुईला लोंबणारा थेंब ताणला जाऊन त्याचा शंकू होतो. या शंकूचं गणित जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये मांडलं. त्यातून निघालेली धार थोडं अंतर सरळ जाते आणि दिसेनाशी होते. तिथे तिला अनेक फाटे फुटतात, असा पूर्वी समज होता. अतिवेगवान कॅमेऱ्यात दिसलं की धागा बहुधा एकच असतो. तो वेटोळी घेत गरगरतो, त्यातच ताणला जातो आणि त्यातलं पाणी उडून जातं. (यंत्र बंद केल्यावरही अर्थिंगची दांडी सुईला टेकवल्याशिवाय कुणी आत हात घालायचा नाही. इथे मी कुणाचं ऐकत नाही.)

द्रावण पातळ झालं की पृष्ठताण वरचढ ठरतो आणि धाग्यावर मणी येतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत धागे फॉइलवर ओलेच पोचतात आणि एकमेकांना चिकटतात. म्हणून एसईएमची (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची) वेळ घेण्याआधी काचेच्या स्लाइडवर काही सेकंद धागे पाडून साध्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. धाग्याची जाडी त्यात मोजता येत नाही, पण मोठे मणी लगेच दिसतात.

खरी परीक्षा एसईएमच्या पडद्यासमोर असते. प्रत्येकाला सगळ्यात देखणा कोपरा टिपायचा असतो. मी जागा आधीच ठरवून घेते: मध्य, कड आणि त्यांच्यामधला पट्टा. मोजतानाही माउस जाड, ठळक धाग्यांकडेच वळतो आणि सरासरी फुगते. म्हणून फोटोवर एक तिरकी रेघ ओढायची आणि तिला छेदणारा प्रत्येक धागा मोजायचा, आवडो न आवडो. एसईएमसाठी धाग्यांवर चढवलेल्या सोन्याच्या थराचे काही नॅनोमीटरही ध्यानात ठेवायचे. दीडशे नॅनोमीटरच्या धाग्याला तेही जाणवतात.

मग प्रश्न येतोच, “मॅडम, जखमेवरच्या पट्टीला चालेल ना?” मी चटईवर पाण्याचा थेंब टाकायला सांगते. थेंब पडतो तिथे भोक! पाण्यात टिकायची तर ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधून घ्याव्या लागतात, आणि त्यात धागे फुगू शकतात, जोडलेही जातात. म्हणजे फोटो नवे, रेघ नवी, मोजणी पुन्हा पहिल्यापासून.